दुर्बिणीचे ऑपरेशन आणि संमतिपत्रातील एक ओळ

पित्ताशयात खडे आहेत हे सोनोग्राफीत निघाले, तेव्हा मी फारसे मनावर घेतले नाही. खानापूर तालुक्यातील आमच्या गावात खड्यांवर औषध सांगणारी माणसे घरोघर आहेत, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी आठ महिने कुळथाचे कढण पीत राहिलो, पानफुटीची पानेही चावली. हे उपाय लोक करतात ते मूतखड्यासाठी. पित्ताशयातील खडा वेगळा असतो, तो बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलचा बनलेला असतो आणि लघवीच्या वाटेशी त्याचा काही संबंध नसतो, हा साधा फरक त्या आठ महिन्यांत ना कोणी सांगितला, ना मी कोणाला विचारला. मग एका लग्नाच्या जेवणानंतर रात्री उजव्या बरगडीखाली कळ उठली, ती पाठीतून खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली आणि पहाटे मुलाने गाडी काढून मला बेळगावला नेले.

पित्ताशय काढावे लागेल, असे डॉक्टरांनी सांगताच मला आई आठवली. तिचे हेच ऑपरेशन १९८६ साली झाले होते. उजव्या बरगडीखाली वीतभर तिरपा व्रण, दवाखान्यात १२ दिवस, आणि ती सबंध भातलावणी तिने सोप्यात बसून पाहिली होती. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली पहिल्यांदा पित्ताशय काढले, तेव्हापासून शंभर वर्षे सगळ्या जगाला हाच मार्ग ठाऊक होता. १९८५ मध्ये जर्मनीतच एरिक म्यूहे यांनी ते दुर्बिणीतून काढून दाखवले, पण त्यांच्याच देशातील शल्यविशारदांनी सुरुवातीला त्यांना मानले नाही. त्यांचा गौरव झाला तो १९९२ मध्ये. आपल्याकडे हे ऑपरेशन प्रथम झाले १९९० साली, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उडवाडिया यांच्या हातून. त्याआधी १९७२ पासून ते तिथे पोटात दुर्बीण घालून निदान करीत होते, आणि रोजावर जाणारा रुग्ण लवकर कामाला लागतो म्हणून हे तंत्र गरीब देशालाच अधिक उपयोगाचे आहे, असे ते आग्रहाने मांडत राहिले. आईच्या त्या बुडालेल्या हंगामाचे उत्तर मला या एका विचारात सापडते.

आमचे बीपीएल कार्ड असल्याने आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतून खर्च भागणार होता, त्यासाठी सरकारी दवाखान्याची चिठ्ठी आणायला दोन खेपा झाल्या. खरी अडचण पुढे आली. दाखल झाल्यावर जे संमतिपत्र हातात दिले, ते सगळे कानडीत होते. मला बाजारापुरते कानडी बोलता येते, वाचता येत नाही. सीमाभागातील माणसाला त्याच्याच पोटाविषयीचा कागद त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे, असे मला मनापासून वाटते. ड्यूटीवरच्या नर्सबाई स्वतः कानडी घरच्या होत्या, तरी खाटेशेजारी उभे राहून त्यांनी एकेक ओळ मराठीत सांगितली. सातवी ओळ अशी होती की, दुर्बिणीतून शक्य न झाल्यास पोट उघडून शस्त्रक्रिया करण्यास माझी संमती आहे. मी पेन खाली ठेवले. डॉक्टरांना स्वतःच्या हाताची खात्री नसावी, म्हणून ही पळवाट ठेवली असावी, असे मला त्या वेळी वाटले, आणि मी सही न करताच पडून राहिलो.

संध्याकाळी डॉक्टर आले आणि त्यांनी केसपेपरच्या मागे पेनने चित्र काढले. पित्ताशयाची एक बारीक नळी आणि एक रक्तवाहिनी, एवढ्या दोनच गोष्टींना क्लिप लावून कापायचे असते. यकृताकडून आतड्याकडे जाणारी मोठी पित्तनलिका मात्र तिथून अगदी जवळून जाते, आणि सुजेने सगळे एकमेकांना चिकटले असेल तर तीच बारीक नळी समजून कापली जाण्याचा धोका असतो. तसे झाले तर रुग्णाला ते वर्षानुवर्षे भोगावे लागते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला हे तंत्र जगभर झपाट्याने पसरले, तेव्हा अशा इजा पूर्वीच्या उघड्या ऑपरेशनपेक्षा वाढल्या होत्या. म्हणून १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग या अमेरिकी सर्जनने एक शिस्त मांडली : तिथली चरबी साफ करायची, पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या फक्त दोनच गोष्टी स्वच्छ दिसल्याशिवाय काही कापायचे नाही. "त्या दोन दिसल्या नाहीत, तर मी पोट उघडीन. काका, ती ओळ तुमच्यासाठी आहे," असे ते म्हणाले. मी त्या चित्राकडे बराच वेळ पाहिले आणि सही केली.

पोट उघडावे लागले नाही. बेंबीतून सुईने कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, म्हणजे आत कॅमेरा आणि हत्यारे फिरवायला जागा होते. मला चार छिद्रे पाडली, दोन सेंटीमीटरभर आणि दोन त्याच्या निम्मी. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा उजवा खांदाच अधिक दुखत होता. आत उरलेल्या वायूने श्वासपटल चाळवले जाते आणि ते दुखणे खांद्यात जाणवते, असे नर्सबाईंनी समजावले आणि त्याच रात्री मला व्हरांड्यात चालायला लावले. तिसऱ्या दिवशी घरी आलो. येताना प्लास्टिकच्या बाटलीत माझे खडे दिले होते, एकूण ११, तुरीच्या दाण्याएवढे, एकमेकांवर घासून पैलू पडलेले, गुळाच्या रंगाचे. दोन आठवड्यांनी मी शेतावर गेलो, मात्र जड उचलायला डॉक्टरांनी आणखी काही दिवस मना केले होते आणि ते मी पाळले.

गेल्या महिन्यात भावकीतल्या एक वहिनी तसलाच कानडी कागद घेऊन घरी आल्या. धाकट्या नातीला शाळेमुळे कानडी वाचता येते. तिला मी शेजारी बसवले, कोरा कागद घेऊन ते दोन नळ्यांचे चित्र आठवेल तसे काढले, आणि पहिल्यांदा सातवी ओळ वाचायला सांगितली.