तुम्ही विचारलंत म्हणून: चाकं घरीच का रंगवतो

तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो, म्हणजे यापुढे कोणी पार्किंगमध्ये थांबून "अहो बाहेर देऊन टाका की, किती घेतात असे" म्हणालं की सरळ हेच पाठवता येईल. मेहुणा दर दिवाळीला विचारतो, "दाजी, एवढी मरमर कशाला?" ऑफिसातल्यांना वाटतं मी कंजूष आहे. सोसायटीतले तर विचारतही नाहीत, वास येतोय एवढंच सांगतात. आणि गाडी कुठली, तर जुनी सँट्रो, पत्र्याची चाकं, वरून प्लास्टिकची कॅप लावली की खालचं कोणाला दिसतही नाही.

पैशाचं आधी उरकतो. पैसे वाचत नाहीत. पूर्वी मीच छातीठोकपणे सांगत फिरायचो की घरी केलं की निम्म्यात होतं, ते विसरा. स्प्रेचा कॅन असतो ४०० एमएलचा, त्यात दोन रिम बसतात म्हणजे बसवावे लागतात, आणि कॅन एकच नाही, प्रायमरचा वेगळा, सिल्व्हरचा वेगळा, वरच्या पारदर्शक थराचा, म्हणजे क्लिअरचा, वेगळा. शिवाय पॉलिश पेपर, थिनर, टेप, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, आणि तोंडावरचा मास्क, तो कापडी नाही, वाफ अडवणारी कार्ट्रिज असलेला, आणि ती कार्ट्रिजही संपतात. सगळं धरलं तर पावडर कोटिंगवाला, म्हणजे रंगाची भुकटी मारून भट्टीत भाजून देणारा, जेवढे घेतो त्याच्या आसपासच जातं, माझे दोन-तीन रविवार वेगळेच. तेव्हा कंजूष म्हणू नका, बाकी काय म्हणायचं ते म्हणा.

तर पावडर कोटिंग. ते मी करून घेतलं होतं, हे बहुतेकांना माहीत नाही. चाकं गंजली होती, कडेच्या घडीत गंज फुगून पापुद्रे सुटत होते, आणि तेव्हा माझं ठाम मत होतं की ज्याचं काम त्यानं करावं, घरच्या उचापती नकोत. टायर उतरवले, पाचही रिम, म्हणजे स्टेपनीसकट, दिले. त्यांनी ब्लास्टिंग करून, म्हणजे वाळूसारखे कण जोरात मारून, पत्रा पांढरा काढला, पावडर मारली, भट्टीत घातले, भट्टी साधारण १८० ते २०० डिग्रीची असते. परत आले तेव्हा काय दिसत होते! काळे, किंचित चमक, कुठे ओघळ नाही, कुठे दाणा नाही. मी फोटो काढून ग्रुपवर टाकले. टायरवाल्यानं टायर चढवले, बॅलन्सिंग केलं, नट आवळायच्या गनने नट मारले आणि गाडी हातात दिली.

पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो. कात्रजचा बोगदा ओलांडला तेव्हापासून स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर होती, पण त्या रस्त्यावर कायम काहीतरी काम चालू असतं, मला वाटलं रस्ताच तसा. शिरवळला चहासाठी गाडी आत घेतली आणि वेग कमी झाल्यावर मागून आवाज आला, कट्, कट्, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. शेजारीच पंक्चरवाला होता. कॅप काढली, पाना लावायला गेला आणि पाना बाजूला ठेवला, कारण नट बोटांनी फिरला. त्याच्या शेजारचाही. उरलेले दोन आवळलेले होते पण पाना टेकवताच सुटले.

नट काढून त्यानं माझ्या हातात दिला. नटाचं जे निमुळतं तोंड रिमच्या भोकात बसतं ना, त्यावर काळा रंग चिकटला होता, चुरा झालेला, नखानं काढला तर निघत होता. आणि भोकाच्या कडेला तोच रंग दाबून दाबून बाहेर आलेला, वर ओठासारखा उलटलेला. चाक उतरवलं तर मागे, जिथे रिम ड्रमला टेकतो, तिथे तसंच, रंग जागोजागी उचकटलेला आणि मधे चकचकीत घासलेला पत्रा. एक भोक चक्क लांबट झालं होतं. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, इथं कुणी कलर मारलाय?" मी म्हटलं पावडर कोटिंग आहे. तो म्हणाला, "ते असू द्या, पण इथं मारत नसतात."

स्टेपनी काढली तर तिलाही तसाच रंग. मग त्यानं हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घेतला आणि स्टेपनीची चारही भोकं आणि मागची टेकायची जागा खरवडत बसला, आणि बाकीची तीन चाकंही एकेक करून उतरवली, कारण त्यांचेही नट कमी-जास्त सैल होते. दोन तास गेले. आई प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बघत होती, मधेच म्हणाली, "घाटात काय झालं असतं रे?" खंबाटकी समोरच होता. मी काहीच बोललो नाही. ती नंतर परत कधी त्या विषयावर बोलली नाही, मी मात्र अजून बोलतोय.

पावडरवाल्याला तिथूनच फोन केला. तो म्हणाला, आजवर कोणाची तक्रार नाही, टायरवाल्यानं नीट आवळले नसतील. टायरवाला म्हणाला, गनने मारलेत साहेब, पावडरवाल्याला विचारा. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील, नसतील, मला आजही सांगता येणार नाही. पण होतं काय ते समजून घ्या. चाक नटावर लटकलेलं नसतं. नट रिमला ड्रमवर दाबून धरतो, आणि त्या दाबामुळे दोघांमध्ये जे घर्षण होतं त्यावर गाडीचा भार जातो. मधे रंगाचा जाड थर असला की ब्रेकच्या उष्णतेनं आणि धक्क्यांनी तो चेपतो, सरकतो, आणि जेवढा थर गेला तेवढा दाब गेला. नट जागचा न हलताही सैल पडतो. गनने आवळा नाहीतर टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्यानं, आवळा, खालचा थरच गेल्यावर काय करणार?

आता जाणकार म्हणणार, कंपनीतून येतो त्या रिमलाही तिथं रंग असतोच की. असतो. पण तो रंगाच्या टाकीत बुडवून करंटनं चढवलेला असतो, साधारण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास. पावडरचा थर ६० ते १००, आणि मारणाऱ्याचा हात सैल असला तर त्याहून जास्त. एवढाच फरक, पण शिरवळला मला हा एवढासा फरक हातात धरून बघायला मिळाला.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं ना त्याला, तिथं मारू नको म्हणून. बरोबर आहे. सांगता येतं. चांगले पावडरवाले त्या जागा झाकूनच मारतात, न सांगता, असे लोक आहेत. मी तिथं उभं राहून झाकूनही घेऊ शकतो, आणि असं म्हटलं की माझं घरी करण्याचं कारण थोडं लंगडं पडतं हे मलाही दिसतं. पण सांगितलेलं मालकाच्या कानात राहतं आणि पावडरची गन असते पोराच्या हातात, आणि मला आता कोणाच्या तोंडावर विश्वास ठेवून आईला मागच्या सीटवर बसवायचं नाहीये. ही भीती आहे का? आहे. असू दे.

म्हणून मी घरी करतो तेव्हा रंग कुठे लागणार नाही हे आधी ठरवतो. नटाच्या भोकात गोट्या ठेवतो, पोरांच्या काचेच्या गोट्या, त्या निमुळत्या जागेत नेमक्या बसतात आणि कॅन फिरवताना हलत नाहीत. मागची टेकायची जागा टेपने गोल झाकतो. टायर उतरवत नाही, हवा थोडी कमी करून रिमच्या कडेत लग्नपत्रिकांचे तुकडे खोचतो, त्यांचा कागद जाड असतो आणि घरात त्यांना तोटा नसतो. गाडी तेवढे दिवस स्टँडवर, नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर अजिबातच नाही.

घासणं हेच खरं काम, ते कोणाला सांगायला आवडत नाही म्हणून व्हिडिओत ते पळवतात. आधी ब्रेकची काळी धूळ आणि ग्रीस धुऊन काढायचं, नाहीतर पेपर ते ग्रीस रेघांमध्ये भरत जातो. मग तारेचा ब्रश, ८० नंबरचा पेपर, मग १८०, ३२०, खड्डा असेल तिथं लांबी (पुट्टी) भरून परत घासायचं, थिनरच्या फडक्यानं पुसायचं आणि त्यानंतर हात लावायचा नाही. कॅन आतली गोळी वाजायला लागल्यानंतरही दोन मिनिटं हलवायचा, वीतभर लांबून, पातळ हात, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुढचा हात. पहिल्या हाताला पत्रा दिसलाच पाहिजे, झाकायची घाई केली की ओघळ आलाच.

पावसाळ्यात मला विचारूच नका. रंगातलं थिनर उडताना पत्रा गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि रंगावर पांढरट धुरकट डाग बसतो, मग परत घासा. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत, गच्चीवर, दव सुकल्यावर आणि ऊन तापायच्या आत. तेव्हा फ्रिजच्या खोक्यात चाक ठेवून मारतो, तरी उडालेला रंग किती लांब जातो ते सेक्रेटरींच्या वाळत घातलेल्या चादरीला विचारा. त्या चादरीवरचा सिल्व्हर माझा नव्हता असं माझं अजूनही म्हणणं आहे, वाऱ्याची दिशा उलटी होती.

आणि टिकतं का? भट्टीतल्यासारखं नाही टिकत. जुना मी इथं बरोबर होता, ते मान्य. हार्डनर मिसळायचा टू-के क्लिअर असतो, तो दणकट, पण त्यात आयसोसायनेट असतं, त्यानं कायमचा दमा लागू शकतो आणि साध्या कार्ट्रिजवर त्याच्यासमोर उभं राहणं मला पटत नाही, म्हणून घरी मी तो मारतच नाही. साधा क्लिअर वर्षभरात मंद होतो, खडी लागून टवके उडतात, आणि पंक्चर काढायला गेलं की टायर उतरवायची पट्टी कडेवरून अशी ओढतात की बघवत नाही. मग परत पेपर, परत कॅन. त्याला मेहुणा मरमर म्हणतो.

बसवताना टॉर्क रेंच लागतोच, गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असतो, छोट्या गाड्यांना बहुधा ९० ते ११० न्यूटन-मीटर. आणि पन्नास-शंभर किलोमीटरनंतर परत बघायचं, कोणीही रंगवलं असलं तरी.

आता "आमचीही करून दे" म्हणणाऱ्यांना. पत्र्याची असतील तर बोलू. मॅगव्हील, म्हणजे ॲल्युमिनियमचं अलॉय चाक, असेल आणि त्याला चीर गेली असेल तर माझ्याकडेच काय, रंगवायलाच कोणाकडे नेऊ नका, रंगाखाली चीर दिसत नाही एवढंच होईल. आणि डायमंड कट, म्हणजे दर्शनी भाग कापून चकचकीत केलेलं अलॉय, असेल तर माझा प्रश्न आधी सोडवा. बायकोच्या गाडीची चाकं तीच आहेत, दुभाजकाला घासून कड खरवडली गेलीये आणि तिथून क्लिअरच्या खाली गंजाच्या पांढऱ्या अळ्या सरकत चालल्यात. ती चकाकी लेथवर कापून येते, घरी कुठल्याही पेपरनं येत नाही, आणि प्रत्येक वेळी कापताना थोडं ॲल्युमिनियम जातं. मी म्हणतो सगळंच चाक ग्रे करून टाकू. ती म्हणते, मग मी गाडी कशासाठी एवढी बघून घेतली, सरळ बाहेर दे. मी विचारतो कोणाकडे, ती म्हणते ते तू शोध. शोधतोय. दोन ठिकाणी जाऊन आलो, नटाच्या जागेचं विचारलं, एकानं लगेच दाखवलं कसं झाकतो ते, तरी चाकं अजून दिलेली नाहीत.