देसाऊची खिडकी आणि आपले सर

स्मरणिकेसाठी लिहा असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे सरच उभे राहिले. आपल्या कॉलेजात नुसतं ‘सर’ म्हटलं की कोण, हे सांगावं लागत नाही. जर्मनीची ती सहल त्यांच्यामुळेच झाली. व्हिसाचे कागद, पालकांची समजूत, ज्यांना खर्च झेपत नव्हता त्यांच्यासाठी देणगीदार. सगळीकडे सर स्वतः फिरले.

बर्लिनची संग्रहालयं पाहिली, पण मनात घर केलं ते देसाऊ या शहरानं. बाउहाउस या कला आणि डिझाइनच्या शाळेची, वास्तुकार वाल्टर ग्रोपिउस यांनी घडवलेली १९२६ सालची इमारत, तिची ती काचेची भिंत! आम्ही सगळे फोटो काढण्यात गुंतलो. सर मात्र वर्कशॉपच्या बाजूला एका खिडकीपाशी थांबले होते. तिथे साखळी ओढली की चाक फिरतं आणि ओळीतली तावदानं एकदम उघडतात. “कॅमेरे आत, वह्या बाहेर,” सर म्हणाले. “हाताचा जोर तावदानापर्यंत कसा पोचतो, ते काढा.” आणि आमच्याबरोबर स्वतःही जमिनीवर मांडी घालून बसले. दांडा, सांधा, बिजागरी, एकेक भाग सुटा करून काढला. शेजारून पर्यटक जात होते, सरांनी मान वर केली नाही.

पुढे क्ली आणि कांडिन्स्की शेजारी-शेजारी राहत ती घरं पाहिली. बाउहाउसच्या या चित्रकारांची कामं १९२२ सालीच कलकत्त्याच्या प्रदर्शनात येऊन गेली होती, हे तिथे सरांकडून कळलं. आपल्या मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांना क्ली किती जवळचा होता, हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

आज पुण्यात माझा फर्निचरचा कारखाना आहे. शाळांसाठी बाकं बनवतो. नवा मुलगा कामावर आला की आधी बिजागरीचं चित्र काढायला बसवतो. ही सरांचीच शिकवण.

आपली सुतारकामाची वर्कशॉप बंद होऊन तिथे संगणक आले, हे ऐकून फार वाईट वाटलं. संगणक हवेतच, पण रंधा हातात न धरता फर्निचर कसं शिकणार? देसाऊची काचेची भिंत महायुद्धात उद्ध्वस्त झाली होती, ती १९७६ साली पुन्हा उभी केली. आपल्यालाही वर्कशॉप पुन्हा सुरू करता येईल. यंत्रं मी देतो, शिकवायला कारखान्यातले कारागीर पाठवतो. फक्त दारावर सरांचं नाव असावं.