लोकायची चौसष्ट पोती

वैनगंगेचं पाणी मामांच्या राईस मिलमध्ये शिरलं तेव्हा गावात म्हणावा असा पाऊसही नव्हता. तिकडे मध्य प्रदेशात धो धो कोसळला, तिथल्या संजय सरोवर धरणातून पाणी सुटलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ही दरवाजे उघडले आणि ऑगस्ट २०२०च्या शेवटी ब्रह्मपुरी तालुक्यातली काठची गावं बुडाली. घरोघरी गणपती बसलेले.

मी नागपूरला हिशेबाचं काम करते. कोरोनामुळे जिल्ह्याबाहेर जायला लागणाऱ्या ई-पासची अट २ सप्टेंबरला उठली, ३ तारखेला भिवापूर-नागभीडमार्गे पोचले. मिलमध्ये घोटाभर गाळ, आंबूस वास, खालच्या थरातल्या पोत्यांमधून धानाचे पांढरे कोंब बाहेर आलेले. मामा खराटा घेऊन उभे. तो आधी हातातून काढून घेतला. भिजलेल्या मालाला विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा, येईपर्यंत हात लावायचा नाही. वरचे कोरडे थर मात्र मोजून, फोटो काढून बाजूला केले, कारण वाचेल तो माल वाचवणं विमा कंपनी विमा घेणाऱ्याचंच काम धरते. मामीचं डोकं माझ्याहून बरं चाललं. भिंतीवर पाणी जिथवर चढलं होतं तिथे तिने गेरूने रेघ ओढून तारीख घातली. सर्व्हेअरने टेप लावला तो त्याच रेघेला: ४ फूट ७ इंच.

तलाठ्याचा पंचनामा मुख्यतः शेतांचा, ३३ टक्क्यांच्या वर पीक गेलं की नाही एवढाच. मिलसाठी वेगळा कागद करून त्यावर तलाठी आणि ग्रामसेवक दोघांच्या सह्या घेतल्या. यात एक दिवस गेला, पण विम्याच्या फाइलीत तो कागद कामी आला.

खरी अडचण पोत्यांची होती. गावातले लोक धान भरडायला आणून टाकतात, चिठ्ठी घेऊन जातात. अशी चौसष्ट पोती भिजली होती आणि पॉलिसीत लिहिलं होतं, 'स्वतःचा माल'. म्हणजे लोकांच्या पोत्यांना विमा नाही. ती सगळी आपल्याच मालात धरून टाकू, असं बँकेतल्या एका ओळखीच्याने सुचवलं. मामा ऐकेनात. म्हणाले, "पोरी, लोकायचे धान पयले. माह्या मालाचं मंग पाहू." मी भांडले. शेवटी कोरड्या थरातून देऊ, पण सर्व्हे झाल्यावर, असं ठरलं. तोवर मी चिठ्ठ्या गोळा करून वहीत नावावर उतरवत बसले. काही चिठ्ठ्या इतक्या भिजलेल्या की शाई पसरून नुसता निळा डाग उरलेला. तिथे मामांची आठवण हीच पावती.

सर्व्हेअर भला माणूस होता, पण त्याने स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा हिशेब, मागितलं आणि माझंच तोंड उतरलं. कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे मालावर उचललेल्या कर्जासाठी, बँकेला दर महिन्याला द्यायचा तो कागद मामा मागच्या महिन्याचाच आकडा उतरवून देत. विमा ६ लाखांच्या मालाचा, आणि खरेदीची बिलं जुळवली तर माल निघाला ८ लाखांचा. विमा कमी असला की भरपाईही त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे रुपयामागे ७५ पैसे. भिजलेलं धान उकड्या तांदळाच्या मिलवाल्याने पडत्या भावात उचललं. ते पैसेही सॅल्व्हेज, म्हणजे खराब मालाची आलेली किंमत, म्हणून भरपाईतून वजा. पूर पॉलिसीत होता हे नशीब. हप्ता कमी करायला लोक तेव्हा नेमकं तेच कलम काढून टाकत.

मोटारींच्या बाबतीत मात्र मामा पक्के. स्विचला कुणालाच हात लावू दिला नाही. ब्रह्मपुरीच्या रिवाइंडिंगवाल्याकडे उघडून, वाळवून, मेगर (वीज गळते का ते मोजणारं यंत्र) लावून तपासल्या. दोन वाचल्या, एक नव्याने भरावी लागली. बसवून सुरू केली तर धान वर चढवणारा एलिव्हेटर उलटा फिरायला लागला! मोटारीच्या दोन फेजच्या तारा अदलाबदल झाल्या होत्या. पंधरा दिवसांत मामी पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

विम्याचे पैसे फेब्रुवारी २०२१मध्ये आले, मागितले त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. चौसष्ट पोत्यांचा तांदूळ तोवर दिवाळीआधीच वाटून झाला होता. नव्या पॉलिसीत 'स्वतःचा तसेच लोकांनी ठेवायला दिलेला माल' अशी ओळ घालून घेतली, हप्ता जरा वाढला. स्टॉक स्टेटमेंट आता दर महिन्याला माझ्या व्हॉट्सअॅपवर येतं, मामांच्या अक्षरात, वहीच्या पानाचा फोटो काढून.