वसंतरावांच्या कॅसेटवर रॉक मशीन

आधीच कबूल करतो, मी रॉकच्या कार्यक्रमांत खालून ओरडणाऱ्यांतला होतो.

धोबीतलावला झेवियर्स कॉलेजच्या मागे रंगभवन. गिरगावातल्या आमच्या चाळीतून चालत गेलं तरी पंधरा-वीस मिनिटं, म्हणजे तिकिटाचे पैसे तेवढे जमवायचे, गाडीभाडं शून्य. १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक बँडांचा महोत्सव सुरू झाला आणि आमचा पंधरा ऑगस्ट झेंडावंदनापेक्षा गिटारसाठी जास्त लक्षात राहू लागला. उघड्यावरचं थिएटर, पावसाचे दिवस, अंगाला चिकटलेले काळे टी-शर्ट. इथल्या बँडकडून आमची अपेक्षा एकच : डीप पर्पल किंवा लेड झेपलिन या विलायती बँडांची गाणी हुबेहूब वाजवा. सोलोत एक सूर इकडचा तिकडे झाला की मागून शिवी आलीच. (शिव्या मात्र अस्सल मराठी असायच्या.)

रॉक मशीन हा बँड १९८४ मध्ये याच मुंबईत सुरू झाला. त्यांनीही आधी दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. पण हळूहळू ही मंडळी मध्येच स्वतःची गाणी सोडू लागली. उदय बेनेगल गायला उभा राहून सांगायचा की आता आमचं गाणं, आणि आम्ही काही दीडशहाणे खालून पर्पलच्या नावाने बोंब मारायचो. घरचं जेवण वाढल्यावर हॉटेलचं मागावं तसं. ते मात्र वाजवत राहिले. १९८८ साली 'रॉक अँड रोल रेनेगेड' हा अल्बम आला, सगळा स्वतःच्या गाण्यांचा.

मित्राकडून ती कॅसेट मिळाली एका रात्रीपुरती. कोरी कॅसेट आणायला पैसे नव्हते, म्हणून वडिलांच्या नाट्यसंगीताच्या कॅसेटच्या पाठीवरच्या दोन भोकांत कागदाचे बोळे कोंबले आणि दोन डेक जोडून रेकॉर्ड केलं. हिशेब चुकला. एका बाजूला शेवटी थोडी फीत उरली. ड्रम थांबले की क्षणभर खरखर, आणि मग एकदम वसंतराव देशपांड्यांची तान, तीही अर्ध्यातून. आजही ती गाणी कुठे लागली की शेवटी मी त्या तानेची वाट बघतो.

वडिलांना महिन्याभराने कळलं. ते ओरडले नाहीत. वेष्टनावरची मी लिहिलेली नावं वाचून म्हणाले, "हा महेश तिनईकर कोण? कमिशनर तिनईकरांपैकी?" तेव्हा स. श. तिनईकर महापालिकेचे आयुक्त होते आणि वडिलांच्या लेखी मुंबईतला शेवटचा सरळ माणूस. तो बँडमध्ये गिटार वाजवतो, असं मी सांगितल्यावर म्हणाले, "वाजवू दे. पण वसंतरावांवर?"

१९९० मध्ये 'द सेकंड कमिंग' आला. मग केबल, एमटीव्ही. १९९३ मध्ये बँडने नाव बदलून इंडस क्रीड केलं. आम्ही जुने भाविक, साहजिकच नाराज. पण 'प्रिटी चाइल्ड'चा व्हिडिओ लागला की चाळीतल्या सगळ्यांना दाराशी बोलावून "हे आपले रंगभवनवाले" म्हणून मीच सांगत होतो. १९९५ चा अल्बम मला त्यांचा सगळ्यात चांगला वाटतो. दोन वर्षांत बँड फुटला. कोण न्यूयॉर्कला, कोण जाहिरातींच्या जिंगल्सना. रंगभवनही गेलं : २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत इस्पितळ-कॉलेजच्या १०० मीटरमध्ये शांतता क्षेत्र आलं, आणि तिथे तर एकीकडे झेवियर्स, दुसरीकडे कामा. नियमात चूक नाही हो, इस्पितळातल्या माणसाला झोप हवीच. तरी तिथून जाताना त्या बंद फाटकाकडे मी बघत नाही.

२०१० मध्ये बेनेगल, तिनईकर आणि कीबोर्डवाला झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले, बास आणि ड्रमवर नवी तरणी पोरं घेऊन. २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' काढला. लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात ते वाजवणार म्हणून लेकीला घेऊन गेलो. आत एसी, हातात महागडी बिअर, पुढे माझ्यासारखीच टक्कल पडलेली मंडळी. त्यांनी एकामागून एक नवी गाणी सुरू केली. लांब, गुंतागुंतीची, तालात मध्येच वळणं घेणारी. चांगली होती, खरंच. तिसऱ्या गाण्यानंतर मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "टॉप ऑफ द रॉक!" ते त्यांचं स्वतःचंच जुनं गाणं. रंगभवनात मी ज्यांच्यावर बोंब मारायचो, त्यांतलंच.

लेक म्हणाली, "बाबा, वाजवू दे ना त्यांना नवीन."

मी गप्प बसलो. पुढचं गाणं संपल्यावर पुन्हा ओरडलो.