मस्कतहून परतलेल्यांची टाळेबंदी

मस्कतमधली अठ्ठावीस वर्षांची नोकरी संपवून आम्ही उभयता सांगलीत, विश्रामबागेतल्या घरी कायमचे राहायला आलो, त्याला वर्ष होत नाही तोच 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्याआधीच्या काही दिवसांत इस्लामपुरात परदेशातून आलेल्या एका कुटुंबात रुग्ण सापडले होते आणि त्यामुळे ‘बाहेरून आलेले’ या शब्दांना जिल्ह्यात वेगळीच धार चढली होती. आम्हाला येऊन दहा महिने झाले होते, तरीही कोपऱ्यावरच्या दुकानदाराने किराण्याची पिशवी हातात न देता पायरीवर ठेवली. ते मनाला लागले; पण त्याच्याही घरी म्हातारी आई होती, हे मी जाणून होतो.

पासष्टी ओलांडलेल्यांनी घराबाहेर पडू नये, अशी सूचना असल्याने माझी कृष्णाकाठची सकाळची फेरी थांबली. दुधाच्या पिशव्या साबणाच्या पाण्याने धुऊन, फडक्याने पुसून ठेवण्याचे काम मी घेतले. आठवडाभरात बोटांना भेगा पडल्या, तेव्हा हिने रोज रात्री खोबरेल तेल चोळून दिले.

खरी काळजी लेकीची होती, कारण ती अजून मस्कतमध्येच होती आणि आंतरराष्ट्रीय विमाने बंद झाली होती. रोज दुपारी साडेबाराला, म्हणजे तिकडे अकराला, तिचा फोन येई. तोवर आम्ही दोघेही जेवायला बसत नसू.