मे अखेरची उजनी: शिंगट्यासाठी दोन रात्री

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात भिगवणच्या बाजूने उजनी धरणाच्या फुगवट्यावर दोन रात्री गळ टाकले. रोख शिंगट्यावर होता, जमलंच तर शिवड्यावर (काही भागात त्याला पहाडी म्हणतात); दोघेही मिशाळ मासे. उन्हाळ्यात मिशाळ मासे खोल पाण्यात बसतात असं सगळे सांगतात. उजनीवर मे महिन्यात या सल्ल्यावर विसंबाल तर निम्म्या वेळा हात हलवत परत याल.

कारण धरणाच्या आकड्यांतच आहे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६३.६६ टीएमसी मृतसाठा. पूर्ण भरल्यावर पाणीपातळी ४९६.८३ मीटर आणि मृतसाठ्याची ४९१.०३. म्हणजे सगळा उपयुक्त साठा सहा मीटरच्या आतल्या थरात पसरलेला. म्हणून पाणी फूटभर उतरलं तरी काठ कुठच्या कुठे सरकतो. दिवाळीत सापडलेली जागा आता ढेकळांचं रान असते. धरण 'मायनस'मध्ये, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली गेल्यावर खरी खोली उरते ती भीमेच्या जुन्या पात्रात, आणि पाणी हिरवं असेल तर तिथेच घोटाळा होतो. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री तोच ओढून घेतं आणि मेलं की तळाशी कुजून तिथला प्राणवायू संपवतं. त्यात गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी मावतो: २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. मरळ आणि मांगूर वर येऊन हवा घेतात. शिंगट्याला ती सोय नाही. लाटांनी पाण्यात हवा मिसळते, म्हणून आधी वारा शोधायचा, खोली नंतर.

पहिल्या दिवशी दुपारी तीनपासून पश्चिमेचा वारा सुटला. ज्या काठावर लाटा आपटत होत्या तोच निवडला. वाऱ्याच्या आडोशाला बसायला बरं वाटतं, पण पाणी तिथे मेलेलं असतं. पाच ते सात फूट पाणी, पुढे जुन्या पात्राकडे उतार, आणि गळ उताराच्या वरच्या कडेला. उजेड असेपर्यंत चिलापीच्या पिल्लांनी आमिष कुरतडलं. पावणेआठनंतर ते थांबलं आणि साडेदहापर्यंत किलोच्या आतबाहेरचे तीन शिंगटे आले. अकराला वारा पडला, तशा ओढीही थांबल्या. त्यानंतर पहाटेपर्यंत जागण्यात अर्थ नाही. हिरव्या पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो उजाडायच्या आधी.

मांडणी साधी ठेवा. नऊ-दहा फुटी रॉड, ४००० ते ५००० मापाचं रीळ, ०.४० मिमीचा तंगूस (नायलॉनचा दोरा). त्यात ६० ते ८० ग्रॅमचं सरकतं शिसं, मग मणी, स्विव्हल (फिरती कडी) आणि पुढे गळापर्यंत दीड फूट लीडर (जोडदोरा). शिंगट्याला २/० चा सर्कल हुक (टोक आत वळलेला गळ) पुरतो. शिवड्यासाठी ५/० आणि जाड लीडर घ्या, त्याच्या बारीक दातांच्या पट्ट्या साधा तंगूस घासून तोडतात. सर्कल हुकवर झटका मारायचा नाही. रॉड वाकू द्या आणि सावकाश गुंडाळायला लागा. सवयीने झटका बसतो आणि गळ तोंडातून रिकामा बाहेर येतो. खेकडे आमिष खात असतील तर लीडरवर गळाच्या चार बोटं अलीकडे बोराएवढा थर्माकोल ओवा, आमिष तळापासून उचललेलं राहतं.

आमिषाला चिलापीचे दोन इंची तुकडे सगळ्यात भरवशाचे. गळाचं टोक उघडं राहील असे चामडीतून ओवायचे. गांडुळं चार-पाच एकत्र लावा, पण ती अंधार पडल्यावरच. कोंबडीच्या काळजाचा एवढा गवगवा का होतो कळत नाही. या गरमीत ते वीस मिनिटांत लिबलिबीत होतं आणि दोऱ्याने बांधलं तरी फेकताना सुटतं. आमिष कुठलंही असो, बर्फावर ठेवा आणि अर्ध्या तासाने बदला.

दुसऱ्या दिवशी चारच्या सुमाराला आभाळ भरून आलं आणि गडगडाट सुरू झाला. रॉड खाली ठेवून गाडीत बसा. कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि पाणी हटून उघड्या पडलेल्या गाळपेरात सगळ्यात उंच तुम्हीच असता. वळीव पाऊण तास पडला. ओढ्याचं गढूळ पाणी जिथे हिरव्या पाण्यात मिसळत होतं ती रेघ दिसत होती. आमिष गढूळ बाजूला, रेघेपासून दोन-तीन हातांवर टाकायचं. दोन्ही रात्रींतली सगळ्यात चांगली ओढ तिथेच मिळाली, तीही उजेड असताना. मात्र हा खेळ दोन-तीन तासांचा. ओढा ओसरला की मासा पांगतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ झाकलेलं, वारा शून्य, काठाला हिरवी साय आणि लहान मासळी वर येऊन तोंड उघडतेय. असं दिसलं की सामान आवरा. आमिष बदलून काही होत नाही.

काठावर जपण्यासारखं बरंच आहे. गाळ वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो आणि खाली मांडीइतका मऊ असतो. म्हशी जिथून पाण्यावर उतरतात त्याच वाटेने जा, पुढे काठी टोचत. पाणी मागे हटतं तशा शेतकऱ्यांच्या चाऱ्या आणि मोटारी पुढे सरकतात. केबलला जागोजागी जोड असतात आणि वीज पाळीने येते, त्यामुळे बंद दिसणारी मोटार कधीही सुरू होऊ शकते. केबल असलेल्या चारीत पाय घालू नका, गळ अडकला तर तोडून टाका. मच्छीमारांच्या जाळ्यांच्या खुणा बघून लांब फेका आणि पास लागतो का याची गावातल्या सोसायटीत आधीच चौकशी करा.

शिंगटा हातात घेताना पाठीवरचा एक आणि कल्ल्यामागचे दोन काटे सांभाळा. ते करवती असतात आणि मासा ताठ करून धरतो. ओला टॉवेल पाठीवर टाका, कल्ल्यामागच्या काट्यांच्या मागून पकड घ्या आणि लांब पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या आणि टोक आत मोडलं असेल तर डॉक्टरच गाठा.

पोट फुगलेली मादी सोडून द्या, पावसाच्या तोंडावर ती अंड्यांवर असते. सोडायचा मासा पाण्याबाहेर अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका, गरम पाण्यात त्याला सावरायला वेळ लागतो. अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत असलेला सकर (बाहेरून आलेला परका मासा) मात्र चुकूनही परत सोडू नका. खायचा मासा लगेच आतडी काढून बर्फात, जेवढा मासा तेवढाच बर्फ. भिगवणहून पुण्यापर्यंत शंभरेक किलोमीटर आहे आणि डिकीत दुपारी भट्टी असते, तेव्हा खोक्यातलं वितळलेलं पाणी वाटेत एकदा काढा.