अस्वलाची ज्वलनशीलता चाचणी : माझा अनुभव

आम्ही चौघीजणी पुण्यात कापडी खेळणी शिवतो. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आणि भारतीय मानक ब्युरोचा परवाना घेणे आम्हाला भाग पडले. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आणि भौगोलिक मानांकनाच्या नोंदणीकृत खेळण्यांना या आदेशातून सूट आहे. मशीनवर केसाळ कापडाची अस्वले शिवणाऱ्या आम्ही तिच्यात बसत नव्हतो.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता; त्यातली कागदपत्रे वेळखाऊ होती, पण कठीण नव्हती. धास्ती होती ती खेळण्यांच्या सुरक्षिततेच्या आयएस ९८७३ या भारतीय मानकाची. ओढल्यावर निघून येणारे मणी काढून आम्ही डोळे भरतकामाने केले, त्यामुळे यांत्रिक सुरक्षिततेच्या पहिल्या भागाची चिंता बरीच कमी झाली. ज्वलनशीलतेच्या दुसऱ्या भागाकडे मात्र मी निर्धास्तपणे पाहत होते, कारण आमचे अस्वल सुती होते आणि सुती म्हणजे सुरक्षित, असे मी गृहीत धरले होते.

अर्जापूर्वी एका खासगी प्रयोगशाळेत नमुने दिले. तिथे खेळणे आधी ठरावीक तापमानात व आर्द्रतेत किमान सात तास ठेवतात आणि मग त्याला सुमारे २० मिलिमीटर उंचीची ज्योत तीन सेकंद लावतात. ज्योत अंगावरून सेकंदाला ३० मिलिमीटरपेक्षा वेगाने पसरता कामा नये. खेळणे पेटूच नये, अशी ही अट नाही. पेटले तरी मुलाला ते हातातून टाकून दूर होण्याइतका वेळ मिळावा, हा तिचा हेतू आहे. तरीही हिशेब केला तर ४५ सेंटीमीटरचे अस्वल पंधरा सेकंदांत या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटले, तरी ते उत्तीर्णच ठरते. ही मर्यादा मला आजही फार सैल वाटते.

आमचे अस्वल वेग मोजण्यापर्यंतही पोहोचले नाही. ज्योत जवळ नेताच उभ्या लवेवरून आग क्षणात सरसरत गेली आणि लव असलेल्या पृष्ठभागावर अशी आग पसरणे मानकाला मुळातच मान्य नाही. सुती किंवा व्हिस्कोजच्या मोकळ्या, उभ्या तंतूंमध्ये हवा खेळती असते, म्हणून ती लव भुरकन पेटते, असे तिथल्या ताईंनी समजावले. त्याउलट आखूड लवेचे पॉलिएस्टर ज्योतीपासून आक्रसून वितळते. वितळलेला थेंब हाताला चिकटला तर भाजतो, हे मी त्यांना लगेच विचारले. त्यांनी ते नाकारले नाही, चाचणी पसरण्याचा वेग पाहते एवढेच सांगितले.

अखेर अस्वलांसाठी आखूड लवेचे पॉलिएस्टर घेतले आणि बाहुल्यांसाठी लव नसलेले घट्ट विणीचे सुती कापड ठेवले. पंधरा सेंटीमीटर किंवा त्याहून लहान मऊ खेळण्यांना पसरण्याच्या वेगाची ही चाचणी लागू नाही, त्यामुळे छोटे ससे त्यातून सुटले. पुढे अधिकाऱ्यांनी जागा पाहून नमुने सीलबंद करून नेले आणि अहवाल अनुकूल आल्यावर परवाना मिळाला. आता नवीन थान आले की कापण्यापूर्वी मी त्याची पट्टी अंगणात पाण्याची बादली शेजारी ठेवून पेटवून पाहते; ही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे, पण लव भुरकन पेटते का, एवढे त्यातून दिसते.